घरात कॅन्सर निघालाय? मन कसं सांभाळायचं, पेशंटचं आणि घरच्यांचं

ज्यांच्या घरात नुकताच बायोप्सीचा रिपोर्ट आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या बाबांना तोंडाचा कॅन्सर झाला, गालाच्या आतल्या बाजूला, आणि मग परभणीहून परळला टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या, मोठं ऑपरेशन, नंतर शेक (म्हणजे रेडिएशन), असं सगळं आमच्या घराने बघितलं. ऑपरेशन कसं होतं, केमो कशी देतात हे सांगणारे पावलोपावली भेटतात. पण रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागलं तर काय करायचं, पेशंटने जेवण बाजूला सारलं तर काय बोलायचं, आई मोरीत नळ सोडून रडते आणि विचारलं की म्हणते डोळ्यात साबण गेला, ह्यावर कोणी बोलत नाही.

मला एकच गोष्ट सांगायचीय. मनाला जे होतं ते आजारपणाचाच भाग आहे. ताप आला, दुखायला लागलं की आपण डॉक्टरला सांगतो ना, तसंच हे पण सांगायचं, लिहून ठेवायचं, त्याच्यावर इलाज करून घ्यायचा. नुसतं "मन घट्ट करा" म्हणून कोणाचं मन घट्ट होत नाही. खाली जे लिहिलंय ते साधारण ज्या क्रमाने अडचणी येतात त्या क्रमाने लिहिलंय, तुम्ही जिथे असाल तिथून वाचा.

१. पहिले आठ-दहा दिवस: फक्त गरजेचं तेवढंच करा

रिपोर्ट ऐकल्यावर काहीजण ढसाढसा रडतात, काहीजण एकदम शांत होतात आणि चहा पिऊन कामाला लागतात, काहींना डॉक्टर पुढे काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही. हे सगळं नॉर्मल आहे. जो रडत नाही त्याला काही वाटत नाही असं अजिबात समजू नका, माझा भाऊ महिनाभर एकदाही रडला नाही आणि त्याला सगळ्यात जास्त त्रास होत होता.

ह्या दिवसात जमीन विकायची का, मुलीचं लग्न उरकून घ्यायचं का, असले मोठे निर्णय घेऊ नका. आत्ता फक्त कुठल्या हॉस्पिटलला जायचं आणि सोबत कोण जाणार एवढं ठरवा. आणि डॉक्टरकडे कधीच एकटे जाऊ नका, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, कारण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात अर्धंच शिरतं. डॉक्टरांना विचारून बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, बरेचजण हो म्हणतात.

गुगलवर स्टेज टाकून किती वर्षं जगतात ते शोधत बसू नका. तिथले आकडे हजारो वेगवेगळ्या पेशंटचे मिळून असतात, त्यात वय, गाठ कुठे आहे, ट्रीटमेंट कुठली मिळाली हे सगळं एकत्र झालेलं असतं, तुमच्या माणसाचं काय होईल ते त्यावरून कळत नाही. हा प्रश्न तुमच्या डॉक्टरलाच विचारा, आणि उत्तर ऐकायची तयारी झाली की मगच विचारा.

२. पेशंटला सांगायचं की नाही

ह्यावरून घराघरात भांडणं होतात म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

आपल्याकडे पहिलं वाक्य हेच असतं, "त्यांना सांगू नका, ते खचतील." आमच्याकडे काका ह्याच मताचे होते, गाठ आहे म्हणायचं, कॅन्सर हा शब्द काढायचाच नाही. त्यामागे माया असते हे खरंच. पण विचार करा, परळला त्या गेटमधून आत गेल्यावर, नाकात नळी असलेली, डोक्याला रुमाल बांधलेली शेकडो माणसं बघितल्यावर, कुठल्या पेशंटला कळणार नाही? बाबांनी दुसऱ्याच दिवशी बाकावर बसल्या बसल्या मला विचारलं, "कॅन्सरच आहे ना? मग तुम्ही सगळे कुजबुजता कशाला?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं की ऑपरेशनला किती खर्च येईल.

लपवलं की होतं काय, पेशंटला आतून माहीत असतं पण तो तुमच्यासाठी माहीत नसल्यासारखं वागतो, तुम्ही त्याच्यासाठी हसता, आणि एका खोलीत बसून दोघंही एकटे पडतात. शिवाय केमोने केस जाणार, ऑपरेशनने चेहरा बदलणार, हे आधी सांगितलं नसेल तर नंतर त्याचा तुमच्यावरचा भरवसा उडतो. पुढे फॉर्मवर सह्या करायच्या असतात, पैशाचे व्यवहार असतात, त्याला स्वतःला काय हवंय ते सांगायचा त्याचा हक्क आहेच.

मग सांगायचं कसं:

- आधी विचारा, "तुम्हाला काय वाटतंय, डॉक्टर काय म्हणाले?" बऱ्याचदा निम्मं त्यांना माहीत असतं.
- मग विचारा, "सगळं सविस्तर सांगू का, की आम्हीच डॉक्टरांशी बोलू?" काहींना खरंच सगळं नको असतं, तेही मान्य करा. पण ते त्यांनी ठरवायचं, काकांनी नाही.
- एका वेळी थोडं सांगा. आजाराचं नाव, पुढची पायरी काय, आणि "आम्ही सोबत आहोत." बाकीचं नंतर.
- "काही होत नाही, सर्दीसारखं आहे" असलं खोटं बोलू नका. आणि "नक्की बरे होणार" अशी गॅरंटी पण देऊ नका. "डॉक्टर म्हणतायत की ट्रीटमेंट आहे, ती आपण पूर्ण करू" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.
- घरच्यांचं एकमत होत नसेल तर डॉक्टर किंवा हॉस्पिटलच्या सोशल वर्करला सांगा, ते हे बोलणं नीट घडवून आणतात, त्यांचं ते रोजचं काम आहे.

३. एक पिशवी, एक वही: अर्धी धावपळ इथेच कमी होते

तुम्ही म्हणाल भावनांच्या लेखात कागदपत्रं कशाला. कारण आमच्या घरातली जास्तीत जास्त चिडचिड "तो कागद कुठंय" ह्यावरून झाली. रांगेत दोन तास उभं राहून खिडकीपाशी पोचल्यावर कागद सापडला नाही की जो संताप होतो तो शेवटी पेशंटवर निघतो. म्हणून एक जाड प्लास्टिकची फाईल, चेनवाल्या पिशवीत, आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात.

पिशवीत काय काय:

- पेशंटचं आणि सोबतच्या माणसाचं आधार कार्ड, रेशन कार्ड, प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स
- बायोप्सीचा रिपोर्ट, आणि शक्य असेल तर त्याच्या स्लाईड आणि ब्लॉक (म्हणजे काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने, मोठ्या हॉस्पिटलमध्ये ते पुन्हा तपासतात, गावच्या लॅबमधून मागून घ्या)
- सीटी, एमआरआय, पेट स्कॅनच्या फिल्म आणि सीडी, तारखेप्रमाणे लावलेल्या
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, बीपी-शुगरच्या पण, आणि कोणी काढा-भस्म देत असेल तर तेही
- पासपोर्ट साईज फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स, पेन
- पाण्याची बाटली, बिस्किटं, चार्जर, हलकी चादर
- एक शंभरपानी वही

वहीच्या पुढच्या बाजूने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मागच्या बाजूने रोजची एक ओळ: झोप कशी, जेवण किती, दुखणं किती, आणि मनाची घालमेल शून्य ते दहामध्ये किती, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये असं मोजमाप खरंच वापरतात आणि साधारण चार किंवा त्याच्या वर आकडा आला की नीट विचारपूस करायची पद्धत आहे. घरात आकडा विचारायला सोपं जातं. "कसं वाटतंय" विचारलं की आपली माणसं म्हणतात "बरंय", पण "आज किती" विचारलं की बाबा बोटं दाखवायचे, सात.

पैशाची काळजी मनाला सगळ्यात जास्त पोखरते, म्हणून हे लगेच करा: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना तुमच्या हॉस्पिटलला लागू आहे का ते विचारा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार त्यात होतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसलेला असतो, टोल फ्री नंबर १५५३८८. मंजुरी ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, बिल झाल्यावर नाही, इथे खूप जण फसतात. रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण भाडं माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, त्यासाठी हॉस्पिटलचं ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, लहान मुलांची ट्रीटमेंट असेल तर सेंट ज्यूड ह्यांची सेंटर्स, ह्या जागा आहेत, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून पहिल्याच फेरीत सोशल वर्करकडून चिठ्ठीचं बघा. आणि धर्मशाळेत राहिल्याने अजून एक होतं, रात्री जिन्यात बसून दुसऱ्या पेशंटच्या बायकोशी बोलायला मिळतं. आईला जेवढा धीर तिथे मिळाला तेवढा कुठल्याच नातेवाईकाने दिला नाही.

४. राग आणि "माझ्यामुळेच झालं"

तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे हमखास येतं. तंबाखू, गुटखा, मशेरी. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे तरी टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहितीये. पेशंटला स्वतःला खात असतं की मी खाल्लं म्हणून झालं, आणि वर येणारा प्रत्येक पाहुणा तेच ऐकवतो, "तरी मी सांगत होतो." बायकोला वाटतं मी अडवायला हवं होतं. दुसरीकडे ज्यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही त्यांना वाटतं मग मलाच का, कुठलं पाप केलं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, तंबाखूने धोका खूप वाढतो हे खरं आहे, पण तंबाखूचं व्यसन निकोटिनमुळे लागतं, ते शरीर मागतं, ते केवळ मनाच्या कमजोरीवर ढकलून चालत नाही. दोन, झालेल्या गोष्टीचा हिशोब आता ट्रीटमेंटमध्ये उपयोगाचा नाही, पण आज सोडणं खूप उपयोगाचं आहे, कारण चालू ठेवली तर जखम नीट भरत नाही आणि शेकाचा परिणाम कमी होतो. म्हणून "कशाला खाल्ली" हे बंद आणि "आजपासून कशी सोडायची" हे सुरू.

आणि एक गोष्ट आम्हाला एका नर्सबाईंनी सांगितली, ती सोन्यासारखी आहे. कॅन्सर कळल्यावर पेशंट घाबरून एका दिवसात तंबाखू बंद करतो, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे भयंकर चिडतो, झोपत नाही, हात थरथरतात, घरच्यांवर ओरडतो. घरच्यांना वाटतं कॅन्सरच्या धक्क्याने स्वभाव बदलला. त्यातलं बरंचसं निकोटिन सुटल्यामुळे असतं, पहिला आठवडा सगळ्यात वाईट आणि मग हळूहळू उतरतं. डॉक्टरला सांगितलं तर त्यालाही औषध मिळतं. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची टोल फ्री क्विटलाईन आहे, १८०० ११ २३५६.

राग निघाला तर निघू द्या. पेशंटचा राग जवळच्या माणसावरच निघतो कारण डॉक्टरवर काढता येत नाही. त्या क्षणी वाद घालू नका, पाच मिनिटं बाहेर जाऊन या, आणि नंतर शांतपणे सांगा की मला वाईट वाटलं. सांगायचं मात्र नक्की, सगळं गिळत राहिलात तर तुम्हीच आजारी पडाल.

५. ऑपरेशननंतर आणि शेक चालू असताना

तोंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा काही दिवस गळ्याला श्वासासाठी छिद्र असतं आणि नाकातून पोटात नळी. म्हणजे बोलता येत नाही आणि खाता येत नाही, दोन्ही एकदम. ह्याची आधी कल्पना नसेल तर माणूस घाबरून जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच घरात खुणा ठरवा: दुखतंय, पाणी, सक्शन हवं (म्हणजे साठलेला कफ नळीने ओढून काढा), नर्सला बोलवा. जाड स्केचपेन आणि मोठी वही जवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर चित्रं काढलेला एक पुठ्ठा करा.

बाबांनी त्या वहीत सगळ्यात आधी काय लिहिलं असेल? आम्ही सगळे पलंगाभोवती उभे, आई हात धरून, आणि त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "गाय व्याली का". व्याली होती, कालवड झाली होती. भावाने लगेच गावाला फोन लावून फोटो मागवला आणि मोबाईल त्यांच्यासमोर धरला, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि लिहिलं, "कपाळावर पांढरं". त्या दिवसापासून आम्ही रोज गावाकडचं काहीतरी सांगायचो, पाऊस किती, सोयाबीनला भाव काय, कोणाच्या पोराचं जमलं. म्हणून सांगते, पेशंटसमोर चोवीस तास कॅन्सर, कॅन्सर करू नका, त्याचं घर, त्याचं शेत, त्याचं दुकान त्याच्यापर्यंत येऊ द्या.

आरसा. चेहऱ्याचं ऑपरेशन, स्तन काढणं, पोटाला पिशवी लावणं, केस जाणं, हे पहिल्यांदा बघताना कोणीतरी जवळ पाहिजे आणि घाई नको. "काही फरक दिसत नाही" म्हणू नका, त्याला दिसतोय. "वेगळं दिसतंय, सवय होईल आपल्याला" एवढं बोला. नवरा-बायकोमध्ये जवळ यायला पण संकोच वाटायला लागतो, त्याबद्दल कोणी विचारत नाही, पण डॉक्टर किंवा कौन्सिलरकडे हा विषय बिनधास्त काढा.

शेक साधारण आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे चालतो. तोंडा-गळ्याच्या शेकात चेहऱ्यावर मापाचा जाळीदार मास्क घालून टेबलाला लावतात म्हणजे मान हलत नाही. बऱ्याच जणांचा त्यात जीव घुसमटतो. आधी टेक्निशियनला सांगा की भीती वाटते, आत कॅमेरा असतो, हात वर केला की ते मशीन थांबवतात, आणि प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचाच असतो. बाबा मनात पसायदान म्हणायचे, संपायच्या आत काम होऊन जायचं.

चव जाते, लाळ सुकते, तोंड सोलून निघतं, त्यामुळे माणूस जेवायला घाबरतो. "दोन घास खा, माझी शपथ" करू नका. तो हट्ट करत नाहीये, त्याला खरंच आग होते. आहारतज्ज्ञ आणि गिळण्याच्या थेरपिस्टला भेटा.

६. मूड औषधाने पण बदलतो

केमोसोबत बऱ्याचदा स्टेरॉईड देतात, डेक्सामेथासोन वगैरे. त्याने रात्रभर झोप लागत नाही, माणूस खूप बडबडतो नाहीतर चिडतो, आणि ती बंद झाली की दोन दिवस एकदम गळून जातो, रडू येतं. वहीत तारखा लिहिलेल्या असतील तर हे लगेच पकडता येतं. गोळी सकाळी घेता येईल का विचारा, स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

रक्त कमी होणं, गळ्याला शेक दिल्यावर पुढे थायरॉईड कमी होणं, ह्यानेही माणूस मलूल होतो आणि सगळ्यांना वाटतं खचला. तपासून घ्या. केमोच्या आदल्या दिवशी नुसत्या आठवणीने, हॉस्पिटलच्या वासानेच मळमळायला लागणं हेही होतं, नाटक नसतं ते, त्याला वेगळं औषध आहे.

वयस्कर पेशंट अचानक भलतंच बोलायला लागला, माणसं ओळखेना, रात्री उठून पळायला लागला तर ते डिप्रेशन म्हणून घरी बसू नका, इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आणि केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला तर थेट इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही. हे पाठ असलं की रोजची भीती बरीच कमी होते, कारण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही ते कळतं.

७. पाहुणे, व्हॉट्सॲप आणि "पॉझिटिव्ह रहा"

पेशंटला सगळ्यात एकटं पाडणारं वाक्य कुठलं असेल तर ते "पॉझिटिव्ह रहा". म्हणजे त्याने रडायचं पण नाही, घाबरायचं पण नाही, आणि उद्या आजार वाढला तर तोच कमी पॉझिटिव्ह होता म्हणून. रडल्याने किंवा घाबरल्याने गाठ वाढते असं काही नाही. दुःखी असूनही ट्रीटमेंट पूर्ण करणारी हजारो माणसं आहेत.

घरातल्या एकाला फोनचं काम द्या. रोज सगळ्यांना तेच तेच सांगत बसायचं नाही, आठवड्यातून एकदा ग्रुपवर चार ओळी टाकायच्या. भेटायला येणाऱ्यांना वेळ द्या, आणि कोणी तिथेच कोणाच्या मरणाची गोष्ट सुरू केली तर उठवा, वाईट वाटलं तरी चालेल. जो म्हणतो "काही लागलं तर सांगा" त्याला खरंच काम सांगा: डबा, मुलांची शाळा, गुरांचं पाणी, रक्तदाता.

हमखास येणारा सापळा म्हणजे गाठ विरघळवणारं औषध देणारे बाबा, वैद्य, पुड्या. घाबरलेलं घर त्यांना बरोबर सापडतं. त्यात पैसे जातातच पण त्याहून वाईट म्हणजे महिने जातात, आणि लवकरच्या स्टेजचा कॅन्सर पुढे सरकतो. देवाला नवस बोला, पारायण करा, ज्याने धीर येतो ते करा, पण ट्रीटमेंटची तारीख चुकवून नाही आणि पोटात काही अनोळखी घेऊन नाही. आणि ताट-वाटी वेगळी करणारे भेटले तर स्पष्ट सांगा, कॅन्सर एकमेकाला लागत नाही.

८. मुलं

मुलांना "बाबा गावाला गेलेत" सांगू नका. त्यांना घरातला ताण कळतो, आणि काही सांगितलं नाही तर लहान मुलं स्वतःच ठरवतात की मी त्रास दिला म्हणून झालं. त्यांच्या वयाला झेपेल एवढं सांगा: आजाराचं नाव, तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला लागणार नाही, आणि तुला शाळेतून कोण आणणार. शाळा, क्लास, खेळ चालू ठेवा आणि वर्गशिक्षकांना कळवून ठेवा.

९. सांभाळणाऱ्याचं काय

आई तीन महिन्यात अर्धी झाली, तिची स्वतःची बीपीची गोळी संपलेली तिला कळलंच नाही. सांभाळणाऱ्या माणसाला थकवा येतो, पेशंटचा राग येतो, कधीतरी "सुटलो एकदाचे तर बरं" असं पण मनात येतं आणि मग त्याचीच लाज वाटते. असं मनात आलं म्हणून माया कमी झाली असं होत नाही, फक्त खूप थकलाय एवढाच त्याचा अर्थ.

पाळी लावा, हॉस्पिटलमध्ये रात्री एकच माणूस रोज नको. आठवड्यातले काही तास सक्तीची सुट्टी, त्या वेळेत देवळात जा, झोपा, मैत्रिणीकडे जा. घरातल्या सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर सगळं टाकून बाकीचे फोनवर चौकशा करतात हे फार ठिकाणी बघितलं, ते बसून बोलून वाटून घ्या. वहीतला आकडा सांभाळणाऱ्याचा पण लिहा.

१०. मदत कधी आणि कुठे घ्यायची

दोन आठवड्यांच्या वर रोज, दिवसातला बराच वेळ उदास वाटतंय, आवडीच्या कशातच रस नाही, झोप-भूक गेली, ट्रीटमेंट नको म्हणतोय, सारखी धडधड होतेय, तर ही वेळ झाली समजा. पेशंट असो नाहीतर घरचं कोणी.

- आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरलाच सांगा. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचा विभाग किंवा कौन्सिलर असतात, त्याच फाईलवर चिठ्ठी मिळते. तिथे गेलं म्हणजे वेडा झाला असं काही नसतं.
- टेली मानस, १४४१६, सरकारची हेल्पलाईन, २०२२ पासून आहे, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं.
- इंडियन कॅन्सर सोसायटी, टोल फ्री १८०० २२ १९५१.
- मुंबईत व्ही केअर आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, इथे पेशंट-नातेवाईकांना आधार आणि मदत मिळते.

डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्या तर घाबरू नका, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात म्हणून मधेच सोडू नका. पण मानसोपचारतज्ज्ञाला कॅन्सरची सगळी औषधं दाखवाच, उदाहरणार्थ स्तनाच्या कॅन्सरची टॅमॉक्सिफेन चालू असेल तर फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिनने तिचा परिणाम कमी होऊ शकतो, मग डॉक्टर दुसरी गोळी देतात.

पेशंट "आता जगून काय करू" म्हणाला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, झोपेच्या-दुखण्याच्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

११. "आता बरं होणार नाही" असं डॉक्टर म्हणाले तर

तेव्हा पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, विभागाची चिठ्ठी देतात आणि घरच्यांना वाटतं हात वर केले. तसं नसतं. दुखणं, धाप, जखमेचा वास, झोप, आणि घरच्यांचं मन ह्या सगळ्यावर तिथे काम होतं, आणि खरं तर ट्रीटमेंट चालू असतानाही तिथे जाता येतं. मॉर्फिनच्या गोळीला घाबरून पेशंटला तडफडत ठेवू नका, डॉक्टरांनी दिलेल्या मापात दुखण्यासाठी घेतली तर व्यसन लागायची भीती धरायचं कारण नाही, बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबत मागून घ्या. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, मोफत. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, त्यांचं गोव्यातही आहे.

पेशंटला विचारा कुठे राहायचंय, घरी की हॉस्पिटलमध्ये, कोणाला भेटायचंय, कुठला व्यवहार राहिलाय. हे विचारणं म्हणजे अशुभ बोलणं नाही. ज्या घरांमध्ये हे बोलणं झालं त्यांची नंतरची फरफट कमी झालेली मी धर्मशाळेतच बघितली.

१२. ट्रीटमेंट संपल्यावर

सगळे पेढे वाटतात आणि पेशंटला नेमकी तेव्हाच भीती वाटायला लागते, कारण रोज बघणारे डॉक्टर आता दिसत नाहीत. तोंडात साधं गरमाने फोड आला तरी वाटतं परत आलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये परत यायचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो म्हणून तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात, मग अंतर वाढत जातं. ह्या तारखा चुकवू नका, भीतीने टाळणारे खूप असतात.

तपासणीच्या आधीचा आठवडा प्रत्येक वेळी जड जातो, आमच्याकडे अजूनही जातो. त्या आठवड्यात लग्नाची बोलणी, घराचे वाद असलं काही ठेवत नाही, गाडीचं तिकीट आधीच काढतो, आणि वहीत दोन रकाने करतो: लगेच फोन करायची लक्षणं, आणि तपासणीच्या दिवशी दाखवायची लक्षणं. ही यादी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत नवीन गाठ, गिळताना वाढलेला त्रास किंवा आवाजात बदल, तोंड आधीपेक्षा कमी उघडणं, हे आमच्या पहिल्या रकान्यात आहे. तोंड उघडायचा व्यायाम रोज करायचाय हे पण तिथेच लाल पेनाने लिहिलंय, बाबा त्याचाच कंटाळा करतात.